परबांचं आभारपत्र

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दत्ताराम परबांनी ज्याचे लेखी आभार मानले नाहीत असा इसम सापडणं कठीण. कुठल्याशा कचेरीत आवक-जावक खात्यात जन्म घालवून निवृत्त झालेला हा एकटा गृहस्थ. पाण्याचा टँकर आला तर आभारपत्र, नाही आला तर ‘येण्याचा विचार केल्याबद्दल’ आभारपत्र. प्रत्येकावर जावक क्रमांक. मी हसलो की म्हणायचे, “तोंडी आभार वाऱ्यार जातत. लेखी दिलेला बरा!”

आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, म्हणून आमची चार वर्षांची मिनी दुपारभर परबांकडे असायची. तिथे तिची टकळी अखंड चालू. शाळेच्या मुलाखतीत मात्र तोंडाला कुलूप. मोठ्या बाईंनी नाव विचारलं, रंग विचारले, शेवटी बिस्कीट पुढे केलं. मिनीने बिस्कीट तेवढं घेतलं. “जवळपास हीच एक बरी शाळा होती हो, वाट लागली,” म्हणून बायको रिक्षात रडली.

संध्याकाळी परब कागद घेऊन हजर. “बाईंका आभार धाडूक होये.”

“कशाबद्दल? पोरगी नापास केल्याबद्दल?”

“मुलाखत घेतल्यानी ना? मगे?”

“काका, हात जोडतो. आमचं हसं करू नका.”

अर्थात दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत जाऊन पत्र देऊन आले, वर पोच म्हणून शिपायाची सहीसुद्धा घेतली. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्याबद्दलही त्यांनी बहुधा कुणाचे तरी आभार मानले असतील.

आठवड्याने शाळेतून बोलावणं आलं. बाईंच्या हातात तेच पत्र. “विषय : कु. मिनीची मुलाखत घेतल्याबद्दल आभार. १) आपण तिला मोठ्यांची खुर्ची दिलीत. २) तिच्या सांगण्यानुसार आपल्या काचेच्या पेटीत पाच मासे असून पैकी एक रुसलेला आहे. ३) आपल्या चपलेचा अंगठा तुटलेला असतानाही आपण हसत होता, हे तिला विशेष आवडले आहे.”

“आम्हाला वाटलं, मुलगी बोलतच नाही,” बाई हसत म्हणाल्या. “हिने तर आमचीच तपासणी केली!”

मिनीला प्रवेश मिळाला.

मी पेढे घेऊन परबांकडे गेलो. “काका, तुमच्यामुळे झालं. आभारी आहे.”

गावभर आभार वाटणारा माणूस, पण स्वतःचे ऐकून असा गडबडला की पेढा हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, “शाळा दुपारची, नाय?”

“हो. तुम्हाला कसं ठाऊक?”

“फाटकाच्या पाटयेर वाचलंय. पत्र देवच्या आधी.”

म्हणजे आपल्या दुपारी रिकाम्या होणार हे कळल्यावरही ते आत गेले होते.

“रविवारी तरी धाडशात ना तिका?” त्यांनी विचारलं.

“दर रविवारी. लेखी देतो,” मी म्हणालो.