खेकड्याचा काटा

ईस्टरच्या जेवणानंतर भांडी आपण घासावीत अशी सद्बुद्धी हॉलिस टिपेटला लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झाली, आणि तीच त्याला नडली. पाहुणे गेले होते. त्याची बायको कोरिन डोकं धरून आत पडली होती. सिंकमध्ये तिच्या आजीचे चांदीचे काटे होते, आणि त्यांना हॉलिसने हात लावायचा नाही असा घरचा कायदा होता. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या सॅव्हाना गावात बाईची पारख तिच्या चांदीवरून होते. मुलगी कुणाची हे विचारून झालं की लगेच तिच्या चांदीवर नक्षी कुठली हे विचारतात. यादवी युद्धात उत्तरेचं सैन्य चालून आलं तेव्हा आमची चांदी परसात पुरली होती, असं इथलं प्रत्येक घर सांगतं. सगळ्यांचं खरं मानलं तर त्या वर्षी गावात पाय ठेवायलाही जागा उरली नसेल.

तर हॉलिसने साबण लावला आणि एक काटा हातातून निसटून सिंकच्या भोकात उतरला. नीट दिसावं म्हणून त्याने भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबलं. ते दिव्याचं नव्हतं. भोकाखालचं खरकटं दळायचं यंत्र सुरू झालं, आणि पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज घरभर झाला.

"काय रे ते?" कोरिनने आतून विचारलं.

"काही नाही, हॅमचं हाड गेलं आत," हॉलिस म्हणाला. त्याची पाचावर धारण बसली होती.

काटा बाहेर काढला तेव्हा त्याचा एक दाता शेजाऱ्यांकडे बघत होता, एक स्वतःभोवती गुंडाळला होता आणि मधले दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले होते. हॉलिस तो घेऊन गॅरेजमध्ये गेला. पकडीने सरळ करायला जावं तर एक दाता तुटला. तुटलेला दिसू नये म्हणून त्याने तो कानशीने घासला. मग शेजारचा लांब वाटायला लागला, म्हणून तोही घासला. असं करता करता संध्याकाळपर्यंत काटा संपला आणि भलतीच एक वस्तू तयार झाली. तिला एका बाजूला आकडा होता, दुसऱ्या बाजूला पातं होतं आणि मध्ये खाच होती. वाईट म्हणजे ती मुद्दाम घडवल्यासारखी दिसत होती.

जुन्या नक्षीचे सुटे काटे विकणाऱ्या दुकानातून हॉलिसने तसाच एक मागवला आणि गुपचूप खणात सरकवला. कोरिनला पत्ता लागला नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. पण आजीची चांदी कचऱ्यात टाकायला काही त्याचं मन होईना. त्याने ती वस्तू मासे पकडायच्या सामानाच्या पेटीत तळाशी लपवली. त्या पेटीला वास येतो म्हणून कोरिन तिच्याकडे बघतही नसे. मे महिन्यात तिला टोमॅटोचे वेल बांधायला मजबूत दोरा हवा झाला, आणि तिने नेमकी तीच पेटी उघडली.

"हॉलिस, हे काय आहे?"

 तोंडात आलं ते हॉलिसने बोलून टाकलं. "तुझ्या वाढदिवसाला द्यायचं होतं. तू आधीच हुडकलंस. मेकन गावाच्या रस्त्यावर एका जुन्या दुकानात दिसलं."

कोरिन दांड्यावरची पानांची नक्षी बोटाने चाचपत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तू माझी नक्षी ओळखलीस?"

हॉलिस आजवर त्या पानांना कोबी समजत होता. कोरिनने त्याला मिठी मारली. ही मिठी लबाडीची कमाई आहे हे त्याला कळत होतं, लाजही वाटत होती, पण अशी मिठी त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आता खरं सांगायचं म्हणजे काटा तर गेलाच होता, ही मिठीही परत करावी लागली असती. तो गप्प बसला.

दुकानदारालाच ठाऊक नव्हतं, या हॉलिसच्या उत्तरावर कोरिन थांबणारी नव्हती. ही वस्तू कशासाठी आहे याचा छडा लावायचा तिने विडाच उचलला. शेजारणीच्या मते लोणच्यातली भेंडी उचलायचं हे साधन होतं. चर्चच्या ऑर्गनवालीने ते सार्डिन मासे उचलायला असल्याचं शपथेवर सांगितलं. कोरिनच्या बहिणीने तर त्याने टोस्टला लोणी लावून दाखवलं आणि स्वतःचा ओठ कापून घेतला. तरीही, मूळ उपयोग हाच, फक्त पूर्वीच्या बायकांचे ओठ पातळ असत, हे तिने सोडलं नाही.

शेवटी प्रकरण थॅकस्टनबाईंकडे गेलं. चांदीच्या बाबतीत थॅकस्टनबाईंचा शब्द गावात अखेरचा होता. दर महिन्याला त्यांच्याकडे बायकांचं मंडळ जमे आणि त्या एकेक नग हातात घेऊन त्याचं कुळ सांगत. त्या दुपारी कोरिनने हॉलिसलाही ओढून नेलं, कारण शोध त्याचा होता. हॉलिसने पोटात दुखतंय म्हणून बघितलं, पण कोरिन म्हणाली, तिथे बसून दुखू दे.

थॅकस्टनबाईंनी भिंग लावलं. वस्तू उलटीसुलटी केली. मग त्या एकदम पांढऱ्या पडल्या.  बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि मखमलीची एक पेटी घेऊन आल्या.

पेटीत तशीच वस्तू होती. नक्षी वेगळी होती, पण आकडा तोच, पातं तेच, खाच तीच. फक्त कडा अशा गुळगुळीत होत्या की हॉलिसला स्वतःच्या कानशीची लाज वाटली.

"खेकड्याच्या नांगीतलं मांस काढायचा काटा," थॅकस्टनबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी लग्नाच्या वाढदिवसाला दिला होता. जगात हा एकच उरलाय असं मी वीस वर्षं भाषणांत सांगत आलेय."

सगळ्या बायका हळहळल्या. हॉलिसने मात्र बाईंच्या ह्यांच्याकडे बघितलं. डॉक्टर थॅकस्टन निवृत्त दंतवैद्य होते आणि कोपऱ्यात लेमोनेड ओतत होते. पेला भरून वाहत होता, तरी ते ओततच होते. दोघांची नजरानजर झाली. डॉक्टरांनी डोळ्यांनीच व्हरांड्याकडे खूण केली.

दोघे बाहेर जाऊन कठड्याशी उभे राहिले.

"तुमचं बटण कुठेय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"दिव्याच्या शेजारी."

"माझंही. नंतर काटा दवाखान्यात नेऊन कवळी घासायच्या चाकावर पॉलिश केला."

हॉलिसने त्यांचा हात हातात घेतला. सख्खा भाऊ भेटल्यासारखं त्याला भरून आलं. एवढ्यात आतून टाळ्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ कोरिन धावत बाहेर आली. इतकी खूश ती लग्नातही दिसली नव्हती. थॅकस्टनबाईंनी निकाल दिला होता. दोन वेगवेगळ्या कारखान्यांनी एकच वस्तू घडवली, म्हणजे ती त्या काळी घरोघरी असणार. म्हणजे डझनांनीच घडवली असणार. म्हणजे बाकीचे काटे कुठेतरी पडून असणार.

"माझ्या नक्षीचे अकरा आणि बाईंच्या नक्षीचे अकरा," कोरिन म्हणाली. "तुमच्या दोघांचीच नजर तयार आहे, तेव्हा शोधायचं काम तुमच्याकडेच द्यायचं ठरलंय. थँक्सगिव्हिंगला सगळं मंडळ आपल्याकडे खेकडे खायला येणार आहे. हॉलिस, जमेल ना रे?"

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. हॉलिसने तोंड उघडलं. कोरिनने आनंदाने त्याचा दंड धरला होता. त्याने तोंड मिटलं आणि मान डोलावली. ती आत गेली.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"काटे मी मागवतो," ते म्हणाले. "यंत्र तुमचं वापरू. आमची ही दुपारी झोपत नाही."