इसाकचाचाची अंबाडी

इसाकचाचा रोज सकाळी गोगलगायींना होडीत बसवून खाडीपलीकडे सोडून यायचा.

हे मी थट्टेनं लिहीत नाही. फजरची नमाज झाली की तो गच्चीवर जाई. तिथं पत्र्याच्या डब्यांत त्यानं लावलेली झाडं होती. पानांवरची एकेक गोगलगाय तो चमच्यानं अलगद उचली. शंख नसलेल्या, चिकट, करंगळीएवढ्या त्या. तुपाच्या रिकाम्या डब्यात ओल्या चिंधीवर त्यांना बसवी आणि डबा काखेत मारून बर दुबईच्या धक्क्यावर जाई. खाडी ओलांडायला अब्रा असे, म्हणजे उघडी होडी. पलीकडे देऱ्याला एका विहिरीकाठी चार खजुराची झाडं होती. तिथं डबा कलता करून चाचा म्हणायचा, "चला, उतरा. बंदर आलं. आपापलं सामान बघून घ्या."

मग परत येऊन कामाला लागायचा.

"मीठ टाक ना त्यांच्यावर," मी एकदा म्हणालो.

"उस्मान, त्या आपल्या गावच्या आहेत. एवढ्या लांबून आल्या, वाटेत एकीनं उलटी केली नाही. त्यांना मीठ टाकू?"

दुबईतल्या ऊद मेथा या आमच्या वस्तीतल्या लग्नांत, कुणाच्या तरी साखरपुड्यात, जुनी माणसं जमली की अजून इसाकचाचाची गोष्ट निघते. आता त्या गोष्टीत तो गांज्याचा व्यापारी झाला आहे. परवा माझ्या नातवानं विचारलं, "नाना, वॉज ही रिअली अ ड्रग डीलर?" त्या गोष्टीची सुरुवात पूर्वी मीच हसत हसत केली होती. तरुणपणी लोक हसले की बरं वाटतं. चाचाबरोबर राहिलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

साठच्या दशकातली दुबई. अमिराती एक व्हायच्या होत्या. पाणी गाढवावरून यायचं, उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे. आम्ही रत्नागिरीकडची पाच-सहा माणसं खाडीजवळच्या एका घरात राहत होतो. मी एका कोकणी व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होतो आणि इसाकचाचा त्याच व्यापाऱ्याच्या गोदामात हमालांवर देखरेख करायचा. त्याआधी त्याचं सगळं आयुष्य आगबोटींवर गेलं होतं. मिसरूड फुटायच्या आत खलाशी झाला, पुढे सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. जमिनीवर येऊनही तो बोटीवरून उतरला नव्हता. गच्चीला डेक म्हणायचा, जिन्याला शिडी, स्वयंपाक करील त्याला भंडारी. मी ऑफिसला उशीर झाला म्हणून धावायला लागलो की मागून ओरडायचा, "हळू घे, समिंदर पळत नाही!"

शेतीतलं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. भाजी त्यानं पाहिली होती ती ताटात.

तरी त्यानं गच्चीवर बाग केली, त्याला कारण होतं. त्याची बायको, खतीजाभाभी, गावी होती. लग्नाला वीसएक वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत दोघं एका छपराखाली राहिले ते सुट्टीपुरते. चाचानं तिला किती वेळा इकडे यायला सांगितलं. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर तिचा एकच निरोप यायचा, "जिथं झाडाला पान नाही, तिथं बाईमाणूस राहील कसं?"

शेवटी चाचानंच एका सुट्टीहून परतताना दोन गोणी लाल माती आणली. कस्टमवाल्या अरबानं गोणीत हात घालून पाहिला. "शू हादा?"

"मिट्टी."

"हमारे पास मिट्टी नहीं है क्या?"

"आपके पास रेती है, हबीबी," चाचा नम्रपणे म्हणाला. "मिट्टी नहीं है."

त्या मातीतूनच गोगलगायींची अंडी आली असणार. थंडीच्या दिवसांत खाडीवरून दव पडायचं, चाचा वजूचं, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुतलेलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून घमेल्यात धरून झाडांना घालायचा, आणि त्या ओलीत गावच्या गोगलगायी दुबईत बाळसं धरू लागल्या.

बी मात्र चाचानं एका ओळखीच्या खलाशाला सांगून मागवलं. भाभीला अंबाडी फार आवडायची. सोडे घालून केलेली आंबट अंबाडी आणि तांदळाची भाकरी. खलाशी मुंबईत बी घ्यायला साफ विसरला. रिकाम्या हातानं चाचासमोर कसं जायचं, म्हणून त्यानं बोटीवरच्या कुणाच्या पोपटाच्या पिंजऱ्यातले मूठभर राखाडी दाणे पुडीत बांधून दिले. हे त्यानं आम्हाला फार नंतर सांगितलं.

दाणे रुजले. झाडं तरारून वर आली. हाताच्या पंजासारखी पानं, कडेला करवतीसारखे दात. अंबाडीची पानंही तशीच दिसतात, त्यामुळे चाचालाच काय, आम्हालाही शंका आली नाही. त्यानं भाभीला निरोप धाडला, "अंबाडी लावलीय. कमरेएवढी झालीय."

तिचा उलट निरोप आला, "येते. बोट बसऱ्याला जाऊन पंधरवड्यानं माघारी फिरते, तोवर बघते. नाही करमलं तर त्याच बोटीनं परत."

त्या दिवसापासून चाचा बदलला. गच्चीवरची अडगळीची खोली त्यानं रिकामी केली, चुना दिला, खिडकीला पडदा शिवला. टाके शिडाला घालतात तसे, वादळातही उसवणार नाहीत असे. आणि झाडं तर खांद्यापर्यंत गेली. एक पान कुणाला तोडू द्यायचा नाही. "पहिली भाजी तिच्या हातची."

आमचा पाणीवाला शेरजान हा बलुची. एके दिवशी पखाल घेऊन तो गच्चीवर चढला आणि झाडं बघून जागच्या जागी थांबला. चाचा गोदामात होता. शेरजाननं एक शेंडा चिमटीत धरून हुंगला, डोळे मिटले, आणि माझ्याकडे वळून अगदी आदरानं विचारलं, "यह किस बुजुर्ग का काम है?"

"चाचाचं. अंबाडी आहे."

"अंबाडी?" शेरजान एवढा हसला की पखालीतलं पाणी सांडलं. "हबीबी, इसकी सब्जी नहीं बनती. यह गांजा है."

आम्ही सगळे हसून लोळलो. मग गप्प झालो. कारण पोलिसांना कळतं तर चाचाला पुढच्याच बोटीत बसवलं असतं. चाचाला सांगायला हवं, असं प्रत्येकाचं मत होतं. आणि ते दुसऱ्यानं सांगावं, असंही प्रत्येकाचं मत होतं. शेवटी काम माझ्यावर आलं. मी गच्चीवर गेलो. चाचा गोगलगायींना समजावत होता.

"अरे, रोज एवढं खाता आणि चालत तर नाही कुणी! कालची देऱ्याला सोडली ती, मी परत होडीत बसेपर्यंत हललीसुद्धा नाही. गावच्या हवेच्या सुस्त आहेत बघ."

मला हसू आलं आणि मी खाली निघून आलो. उद्या सांगू म्हटलं. उद्या उद्या करता बोट आली.

खतीजाभाभी किनाऱ्याला उतरली ती ठेंगणी, सावळी, चुरचुरीत बाई. बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या लाँचमध्ये भिजलेली ओढणी पिळत तिनं चहूकडे पाहिलं. वाळू, मातकट घरं, वारा धरणारे उंच बुरूज. चाचा तिची पेटी डोक्यावर घेऊन पुढे, आम्ही मागे.

"ही बघ," चाचा गच्चीवर बाजूला सरला. "तुझी अंबाडी."

भाभीनं पाहिलं. जवळ गेली. पान न तोडता नाक जवळ नेलं. मग तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि तिचे खांदे हलायला लागले. चाचाला वाटलं, रडते आहे. त्याचेही डोळे भरले.

"तुम्ही चाखलीत का ही?" तिनं आतूनच विचारलं.

"शपथ नाही. तुझ्या हातची पहिली म्हणून..."

"अल्लाचे उपकार," असं म्हणून तिनं ओढणी काढली. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आमच्या माहेरी दर्ग्यामागं फकीर बसतात. ते ही चिलमीत भरतात. त्यांनी तुम्हाला पाहिलं तर गादीवर बसवतील!"

चाचाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो एका डब्याच्या काठावर बसला. आमच्याकडे त्यानं बघितलं. आमच्या तोंडावरून त्याला कळलं असावं की आम्हाला आधीच माहीत होतं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्या गोगलगायी," तो हळूच म्हणाला, "सुस्त नव्हत्या."

भाभीनं मात्र प्रवासाची धूळही न झटकता ओढणी कमरेला खोचली. "आधी हे कापा. सगळं. मुळासकट."

त्या दुपारी आमची गांज्याची कापणी झाली. चाचा कापत होता, भाभी जुड्या बांधत होती, आणि मी जिन्यात पहाऱ्याला. वासानं घर भरलं. शेरजान वासावरच आला. "चाचा, मुझे दे दो. मेरा गधा बीमार है."

"तुझा गधा इथून ठणठणीत दिसतोय," भाभी म्हणाली. हिंदी तिला येत नव्हती, पण माणूस कळत होता.

जाळावं तर गल्लीभर धूर. टाकावं तर बकऱ्या खाणार. चाचानं जुड्या गोणीत भरल्या, आत दगड घातले आणि तोंड अशा गाठीनं बांधलं की भर समुद्रातही सुटू नये. आम्ही भर उन्हात अब्रात बसलो. होडीवाला रोजचा ओळखीचा. गोणीकडे बघून म्हणाला, "चाचा, आज बहुत सारे निकले?"

"खानदान निकला पूरा," चाचा म्हणाला. मधल्या खोल पाण्यात त्यानं गोणी सोडली. "खलास."

परत येताना तो गोणी बुडाली तिकडेच बघत होता. त्याचं सगळं आमंत्रण पाण्यात गेलं होतं.

गच्चीवर आता नुसते डबे होते. भाभी एका डब्यापाशी उकिडवी बसून माती बोटांनी चिवडत होती. तिनं ती हुंगली. मग एक गोगलगाय उचलून तळहातावर घेतली.

"ही माती कुठली?"

"गावची," चाचा म्हणाला.

"गावात माती पुष्कळ आहे. ही कुठली?"

चाचा समुद्राकडे बघू लागला.

"माझ्या परसातली आहे ही," भाभी म्हणाली. "विहिरीच्या कडेची, अळवाच्या वाफ्यातली. तुम्ही गेलात आणि मी बघते तर खड्डा! शेजारणीशी महिनाभर बोलले नाही मी त्यापायी. आणि या मेल्या माझ्या अळवावरच्या. मी यांना राख टाकून मारते."

"जवळ पडली ती जागा," चाचा पुटपुटला. "म्हणून घेतली."

"जवळ कशी? वाटेवरची सगळी माती धक्क्याला त्याहून जवळ."

मी पहिल्यांदाच चाचाकडे नीट पाहिलं. ज्या मातीशेजारी ती रोज धुणं घेऊन बसायची, ती त्यानं दोन गोणी भरून उचलून आणली होती. ज्या गोगलगायी ती मारायची, त्यांना तो तिच्याकडची पाहुणी मंडळी समजून होडीतून फिरवत होता. बायकोशी वीस वर्षांत जे बोलता आलं नाही, ते तो त्यांच्याशी रोज सकाळी बोलत असावा.

पंधरवडा सरत आला. भाभी काय ठरवते, कुणालाच कळेना. चाचानं विचारलंही नाही. डबे तसेच रिकामे होते, कारण नवं बी नव्हतं आणि पुन्हा कुणा खलाशावर भरवसा ठेवायची चाचाची हिंमत नव्हती. बोट बसऱ्याहून परत यायच्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावलं.

"उस्मान, पेटी खाली न्यायला हात लाव."

मी वर गेलो तर पेटी तयार होती. भाभी पलीकडे चुलीपाशी असताना त्यानं स्वतःच तिचं सामान भरलं होतं, कपड्यांच्या घड्या घालून, वर रुमाल पसरून. भोवती नवी कोरी दोरी. तिच्या वाटेत आपण यायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं. "लाँच दुपारी सुटते," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "समुद्र शांत आहे. तुला त्रास व्हायचा नाही."

भाभी हात पुसत आली. तिनं पेटीकडे पाहिलं.

"माझी विळी कुठाय?"

"पेटीत भरली. तळाशी."

"मग काढा."

"आता? उस्मान थांबलाय. दोरी बांधून झालीय."

"नारळ खवायचाय. तो काय बोटांनी खवू?"

"आज नारळ कशाला?" चाचानं विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज बदलला.

"संध्याकाळी जेवायचं नाही का तुम्हाला?" भाभी म्हणाली. "आणि हा उस्मान गावी जाईल तेव्हा अळवाचे कांदे आणायला सांगा. बी नको. कांदा म्हणजे कांदाच असतो, त्यात फसायला होत नाही."

दूर समुद्रात बोटीचा भोंगा वाजला. चाचा पेटीपाशी खाली बसला. आपल्याच हातानं बांधलेली गाठ सोडवायला लागला, आणि इतकी वर्षं सारंग राहिलेल्या त्या माणसाला ती सुटेना. बोटं नुसती दोरीवरून फिरत होती. मी खिशातून चाकू काढून पुढे केला.

त्यानं माझा हात बाजूला केला.

"कापायची नाही," तो म्हणाला. "चांगली दोरी आहे. आता दोघांचे कपडे वाळत घालायचेत."