चव्वेचाळीस ठोक्यांचे प्रकरण

सत्याचा शोध घेणाऱ्या बहुतेक माणसांना आधी पुरावा लागतो आणि मग ती अनुमान करतात. अनुमान आधी सिद्ध करून ठेवायचे आणि नंतर पुराव्याला सन्मानाने बोलावून घ्यायचे, ही सिद्धी फार थोड्यांना लाभते. केरळातल्या आमच्या कुट्टनाडात ती एकट्या मला लाभली आहे.

माझे नाव अच्युत वारियर. आयुर्वेद महाविद्यालयात मी आयुष्यभर संस्कृत आणि न्यायशास्त्र शिकवले. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या अनुमानाच्या पाच पायऱ्या मी झोपेतही चढतो, असे माझी पत्नी सांगते. चौथ्या पायरीवरून पडतो, असेही तीच सांगते. भगवतीच्या उत्सवातला हरवलेला हत्ती कोणी नेला, हे मी एकदा भर सभेत सप्रमाण सिद्ध केले होते. हत्ती मुळात उत्सवाला आलाच नव्हता हे नंतर कळले. पण त्यामुळे माझ्या युक्तिवादाचे सौंदर्य उणावत नाही.

निवृत्तीनंतर आमच्या गावातील परिचारिका विद्यालयाने मला सायंकाळच्या उजळणीसाठी पाचारण केले. काम सोपे होते. जीवशास्त्राचे आणि रुग्णसेवेचे प्रश्न मी खणखणीत स्वरात विचारायचे आणि मुलींनी एका सुरात उत्तरे द्यायची. प्रश्नांचा अर्थ मला कळावा अशी कोणाची अट नव्हती, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. वेदपाठशाळेत शिकलेल्या माणसाला पाठांतराचे पावित्र्य ठाऊक असते.

“मूत्रपिंडाचे मूलभूत एकक?”

“नेफ्रॉन!”

“रक्त गोठण्यास साहाय्य करणारे घटक?”

“रक्तपट्टिका!”

“रुग्णाला एकाएकी भोवळ आली. प्रथम काय कराल?”

“माषेंना बाजूला करू,” पहिल्या बाकावरून जिस्मी म्हणाली. “नाहीतर ते त्यालाही प्रश्न विचारत बसतील.”

मुली खिदळल्या. माषे म्हणजे गुरुजी; गावात सगळे मला तशीच हाक मारतात. जिस्मी ही होडी हाकणाऱ्या वर्कीची मुलगी, तृतीय वर्षात पहिली येणारी. माझ्याशी तिचे बोलणे असे फटकळ. पण ज्ञानाला मी नेहमीच नमस्कार करत आलो आहे, ते कितीही फटकळ असो.

याच जिस्मीवर संकट कोसळले, म्हणून मला अन्वेषणाची वस्त्रे चढवावी लागली. वस्त्रे म्हणजे कमरेला गुंडाळायचे नेहमीचेच पांढरे मुंडू; मात्र त्या दिवशी ते इस्त्री केलेले होते.

प्राचार्या सिस्टर मेट्टिल्डा यांनी मला कार्यालयात बोलावले. त्या याच वर्षी डोंगरावरच्या मठातून इकडे आल्या होत्या. स्वभावाने न्यायी, बोलण्याने कोरड्या.

“माषे, प्रात्यक्षिक परीक्षेत मुलींनी सामूहिक नक्कल केली आहे,” त्या म्हणाल्या.

हकीकत अशी. प्रत्येक मुलीने एकेकटीने पडद्याआड जायचे, तेथे निजलेल्या रुग्णाची नाडी मोजायची, आकडा चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा आणि मागच्या दाराने बाहेर पडायचे, अशी रीत. हा रुग्ण वर्षानुवर्षे एकच: चर्चची घंटा वाजवणारा पाप्पच्चन. त्याची नाडी बहात्तर. दर वर्षी बहात्तर. त्यामुळे उत्तरसूचीतही बहात्तर कायमचे छापलेले. आणि वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जाणाऱ्या प्रश्नसंचात ‘मानवी हृदयाला कप्पे किती?’ आणि ‘पाप्पच्चनची नाडी किती?’ हे प्रश्न एकाखाली एक नांदत असत. यंदा पाप्पच्चनच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून त्याने आपला पुतण्या कोच्चुमोन याला निजायला पाठवले होते.

“बहुतेकींनी चव्वेचाळीस लिहिलंय,” सिस्टर म्हणाल्या. “कुणी त्रेचाळीस, कुणी पंचेचाळीस. धडधाकट तरुणाची नाडी चव्वेचाळीस? बाहेरून आलेल्या परीक्षक बाई शेरा मारून गेल्या; पेटी उघडली तेव्हा तो पोरगा निघून गेला होता. पहिलीनं अर्धंच मिनिट मोजलं, दुप्पट करायला विसरली आणि बाहेर पडून तिनं सांगितलेला आकडा बाकीच्यांनी उचलला. विद्यार्थिनी हीच चूक करतात. आत गेलेली पहिली मुलगी जिस्मी.”

“आणि त्रेचाळीस, पंचेचाळीस?”

“तेच मला कळत नाहीये.”

“स्पष्ट आहे, सिस्टर,” मी डोळे मिटून म्हणालो. “नक्कल झाकण्यासाठी एकेक ठोका इकडेतिकडे केला आहे. गुन्हेगार सुशिक्षित आहेत.”

सिस्टरांनी माझ्याकडे आदराने पाहिले असावे. माझे डोळे मिटलेले होते.

“शनिवारपर्यंत खुलासा झाला नाही तर जिस्मीला अंतिम परीक्षेला बसवता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “वर्ष जाईल पोरीचं. मलाही ते नकोय. पण मंडळाला उत्तर द्यावं लागेल.”

जिस्मी जिन्याखाली बसली होती. रडून झाले होते आणि आता राग चालू होता.

“मोळे, मुली, माझ्यापाशी खरे सांग.”

“मी मोजली, माषे. अख्खं मिनिट. चव्वेचाळीस.”

“अर्धे मिनिट असेल.”

“अर्धं आणि अख्खं मला कळत नाही होय? तिसऱ्या वर्षाला आहे मी, बालवाडीत नाही.”

“मग बाकीच्यांनी तोच आकडा कसा लिहिला?”

“त्यांनीही मोजली असेल!”

हे उत्तर मी तत्काळ बाद केले. ज्या गूढासाठी मी मुंडूला इस्त्री केली, त्याचे उत्तर इतके सरळ असणे मला शिष्टाचाराला धरून वाटले नाही.

माझे पहिले अनुमान घड्याळाविषयी होते. भिंतीवरील घड्याळ जलद चालत असेल, तर मिनिट लवकर संपेल आणि ठोके कमी भरतील. हेतू निर्दोष, उदाहरण सुंदर. मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवले. घड्याळ माझ्या आधी खाली पोहोचले. आवाज ऐकून सिस्टर आल्या.

“माषे, मुली स्वतःच्या घड्याळावर मोजतात. गणवेशाला टाचलेलं असतं ते.”

“मग भिंतीवर घड्याळ कशाला?”

“माझं भाषण लांबू नये म्हणून. आता लांबेल.”

दुसरे अनुमान आहारविषयक होते. परीक्षेच्या दिवशी दुपारी मुलींना कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओकाचा कंद, आणि मासळीचे कालवण होते. एवढे कंद पोटात गेल्यावर कोणत्याही जीवाची गणनशक्ती निम्मी होणारच. या सिद्धान्ताच्या कसोटीसाठी मी स्वतः दोन ताटे कप्पा खाऊन शंभरापर्यंत मोजायला बसलो. पत्नीने मला चहाच्या वेळी उठवले. हे मी सिद्धान्ताच्या बाजूचे प्रमाण मानतो. पण परीक्षा सकाळी झाली होती आणि जेवण नंतर, ही बाब स्वयंपाकघरातून उशिरा कळली.

या सर्व अंधारात एकच ज्योत तेवत होती. रंजुषा नावाच्या मुलीने आपल्या चिठ्ठीवर बहात्तर लिहिले होते. सर्व वर्गात ती एकटीच मोहाला बळी पडली नव्हती. सायंकाळच्या उजळणीत मी तिला उभे केले आणि सत्यनिष्ठेवर थोडे बोललो. ती विनयाने मान खाली घालून उभी होती. इतका विनय मी क्वचितच पाहिला आहे.

जिस्मीचा बाक रिकामा होता. उजळणीत जीव नव्हता. तरी शास्त्राला खंड पडू नये म्हणून मी पुस्तक उघडले.

“नियमित कठोर व्यायाम करणाऱ्या व्यक्तीची विश्रांतीच्या वेळची नाडी कशी असते?”

“मंद!” मुली एका सुरात म्हणाल्या.

“उत्तम. पित्ताची निर्मिती कोठे होते?”

“यकृतात!”

आणि आम्ही पुढे गेलो. मी तिसऱ्या अनुमानाच्या चिंतनात होतो, आणि मुली, मला वाटते, रात्रीच्या जेवणाच्या.

तिसरे अनुमान सर्वांत भेदक होते: रुग्णानेच आकडा सांगितला. कोच्चुमोनने पायाच्या बोटांनी खुणा केल्या असतील. चार बोटे, पुन्हा चार बोटे. चव्वेचाळीस!

त्याला गाठणे सोपे नव्हते. शर्यतीचे दिवस जवळ आले होते आणि आमच्या गावच्या सर्पनौकेचे वल्हेकरी नदीकाठच्या शिबिरात राहत होते. पहाटे पाण्यात, दुपारी जेवून आडवे, पुन्हा पाण्यात. शिबिराबाहेर जायला बंदी. परीक्षेच्या दिवशीही काकाच्या शब्दाखातर त्याला दोनच तासांची सुटी मिळाली होती. मी दुपारी पोहोचलो तेव्हा कोच्चुमोन माडाच्या सावलीत चटईवर पसरला होता.

“कोच्चुमोन, परीक्षेत मुलींना काय खुणा केल्यास?”

“खुणा? माषे, मी झोपलो होतो.”

“परीक्षेत?”

“आडवं व्हायला सांगितलं, वर पंखा चालू होता. मग काय कथकली करायची होती?”

उत्तर चतुर होते. पण माझ्यापाशी एक शस्त्र शिल्लक होते. आयुर्वेदाच्या विद्वानांच्या सहवासात आयुष्य गेल्यामुळे नाडीपरीक्षा मी दुरून पुष्कळ पाहिली आहे. जीभ खोटे बोलेल, नाडी बोलणार नाही. अपराध्याची नाडी बेडकासारखी उड्या मारते. मी त्याचे मनगट हाती घेतले, तीन बोटे टेकवली आणि धन्वंतरीचे स्मरण केले.

एक ठोका लागला. मग इतकी शांतता पसरली की मी दचकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो केळ्याचे काप चघळत होता. मग दुसरा ठोका लागला.

“काय झालं माषे? आहे ना मी?”

“बोलू नकोस.” मी डोळे मिटले. हंसाची गती. तीही भरपेट जेवून घरी निघालेल्या हंसाची. एवढी धीरगंभीर नाडी असलेला माणूस कपट करणे शक्य नाही. मी त्याला निर्दोष घोषित केले, आशीर्वाद दिला, आणि त्याने दिलेले काप घेऊन परतलो.

शनिवार उजाडला. कार्यालयात सिस्टर टेबलामागे बसल्या होत्या. जिस्मी दाराशी उभी होती, घरी न्यायची पेटी पायाशी. वर्की बाहेर होडी बांधून थांबला होता. तो आत आला नाही.  विद्या ही देवता आहे, आणि तिच्या दारातून एका गुणी मुलीला परत फिरावे लागत होते, ते माझी पाचवी पायरी, निगमन, चढून होत नव्हती म्हणून.

“काय निष्कर्ष, माषे?” सिस्टरांनी विचारले.

“कोच्चुमोन निर्दोष आहे. मी स्वतः शिबिरात जाऊन त्याची नाडी पाहिली. इतकी मंद की एका ठोक्यानंतर मला वाटले, हा स्वर्गवासी झाला.”

सिस्टरांची लेखणी थांबली.

“किती होती?”

“काय किती?”

“नाडी, माषे. मिनिटाला किती ठोके?”

“सिस्टर, आमच्या परंपरेत मोजत नाहीत. गती पाहतात. ती हंसाची होती.”

“हंसाची,” सिस्टर म्हणाल्या. मग अगदी हळू विचारले, “आणि शिबिर कसलं?”

“वल्हेकऱ्यांचे. सर्पनौकेच्या शर्यतीसाठी. कोच्चुमोन चार वर्षे आमच्या नौकेत आहे. हे सर्वांना ठाऊक आहे.”

“मला कुणी सांगितलंय? डोंगरावर सर्पनौका नसतात, माषे! मला वाटलं, तो पाप्पच्चनचा आळशी पुतण्या आहे. दिसेल तिथं झोपलेला असतो!”

त्या उठल्या. छत्री घेतली. “जिस्मी, पेटी ठेव तिथं. घड्याळ लावलंयस ना? चल. वर्की, होडी सोडा!”

मी न बोलावता मागे बसलो.

कोच्चुमोन त्याच चटईवर होता. आधी सिस्टरांनी मोजले. मग जिस्मीने. मग सिस्टरांनी पुन्हा, ओठ हलवत, अख्खे मिनिट. मला ते मिनिट फार लांब वाटले. त्यात ठोकेच एवढे थोडे होते.

“चव्वेचाळीस,” सिस्टर म्हणाल्या.

“सांगत होते मी,” जिस्मी म्हणाली, आणि आता कुठे तिला पुन्हा रडू आले.

नौकेचा नायक जवळ आला. “काय झालं सिस्टर? आजारी आहे का पोरगा? आमच्या सगळ्यांचीच अशी चालते. माझी बघा.” त्याने मनगट पुढे केले. मागे रांग लागली. सिस्टरांनी रांगेतल्या एकालाही नाराज केले नाही.

परतताना होडीत सिस्टर म्हणाल्या, “माषे, व्यायाम करणाऱ्याची नाडी कशी असते, हा प्रश्न आपल्या पुस्तकात आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. “परवाच विचारला.”

“मुलींनी उत्तर दिलं?”

“एका सुरात.”

“मग?”

“मग आम्ही पित्ताकडे वळलो.”

सिस्टरांनी पाण्याकडे पाहिले. त्यांचे खांदे हलत होते. त्या प्रार्थना करत असाव्यात, असे अनुमान मी केले. पण वर्की उघडच हसत होता, तेव्हा मी ते मागे घेतले.

त्याच दुपारी सिस्टरांनी परीक्षक बाईंना स्वतःच्या चुकीचे पत्र लिहिले आणि जिस्मीच्या अंतिम परीक्षेच्या अर्जावर सही केली. तिची क्षमा त्यांनी सर्व वर्गासमोर मागितली. ते पाहताना मी उठून उभा राहिलो होतो. चव्वेचाळीसवाल्या सगळ्या उत्तीर्ण झाल्या, त्रेचाळीस आणि पंचेचाळीसवाल्याही. सुशिक्षित गुन्हेगारांविषयीचा माझा सिद्धान्त कोणी उकरून काढला नाही, ही त्यांची सभ्यता. एकटी रंजुषा कार्यालयात बोलावली गेली. नाडी न मोजता प्रश्नसंचातले पाठ उत्तर लिहिणारी सबंध वर्गात ती एकच निघाली. सत्यनिष्ठेवरील माझे भाषण तिला शब्दशः आठवत होते, असे कळते. पाठांतर खरोखरच चांगले.

अंतिम परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी जिस्मी सरावासाठी माझ्या ओसरीवर आली. माझे मनगट धरून तिने घड्याळाकडे पाहिले. मी बोलू लागलो तर दटावून गप्प केले.

“माषे, शहाण्णव. पळत आलात का कुठून?”

“नाही मोळे. बसूनच आहे. अनुमान करत होतो.”

“कसलं?”

“तुझा पहिला क्रमांक येईल, याचे.”

“तो मी पेपर लिहिल्यावर कळेल,” ती म्हणाली आणि वहीत शहाण्णव लिहिले. माझी नाडी इतकी असणे शक्य नाही, असा वाद मी घालणार होतो. हेतू तयार होता, उदाहरणही सुचले होते. पण प्रमाण तिच्या बोटांखाली होते, आणि ते ठकठक वाजत होते.