मॉसच्या खांबाचा नंबर

ज्याला आधार नाही तो सरपटतो, हा सृष्टीचा नियम आहे. आणि जो सरपटतो त्याच्यावर कुणाचा ना कुणाचा पाय पडतो, हा त्या नियमाचा पुरावा. आमच्या दातांच्या दवाखान्यात हा पुरावा रोज सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात कुणालाही पाहता येत असे.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत अकरा खुर्च्या, एक टेबल, जबड्याचा एक प्लास्टिकचा नमुना (त्याचेही दोन दात पडले आहेत, डॉक्टरांना बसवायला सवड झालेली नाही) आणि एक मनीप्लांट एवढी व्यवस्था आहे. मनीप्लांट कुणा औषधविक्रेत्याने भेट दिलेला. चढायला काहीच नसल्यामुळे तो कुंडीतून खाली उतरला, भिंतीच्या कडेकडेने निघाला आणि चार नंबरच्या खुर्चीखाली येऊन पोचला. पानं टपालाच्या तिकिटाएवढी. गाल धरून बसलेला माणूस पायाखाली पाहत नाही, त्यामुळे दर आठवड्याला सरासरी सहा पानं कामी येत.

डॉक्टर अत्यंत मन लावून काम करतात. एका दाताला चाळीस मिनिटं देतात, आणि त्यानंतर त्या दाताशी नुसतं बोलत बसतात की काय अशी शंका यावी इतका आणखी वेळ देतात. परिणामी बाहेरच्या माणसाला सरासरी दोन तास दहा मिनिटं थांबावं लागतं. (ही सरासरी आहे. प्रत्यक्षात कुणालाच इतक्या लवकर आत घेतलेलं नाही.) या कालावधीत होणाऱ्या तक्रारी काउंटरवरच्या ताई ऐकून घेत. मार्च महिन्यात त्यांनी एकूण अठ्ठेचाळीस तक्रारी ऐकल्या, पैकी एक्केचाळीस एकाच शब्दाच्या होत्या: "अजून?"

या संस्थेत मोजणीसाहेब दाखल झाले. जमीनमोजणीच्या खात्यात पस्तीस वर्षं साखळी ओढून ते निवृत्त झालेले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि कवळी महिनाअखेरीच्या आत हवी होती. कारण लांबच्या शहरातून त्यांची लेक यायची होती. मागच्या खेपेला तिने वडिलांना पाव दुधात बुडवून खाताना पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "बाबा, आता एकटं राहणं पुरे. माझ्याकडे चला." तिने सातव्या मजल्यावरची एक खोली त्यांच्यासाठी रिकामीही करून ठेवली होती. मोजणीसाहेबांना त्या खोलीची लांबी-रुंदी तोंडपाठ होती. बाल्कनी धरूनही ती त्यांना पुरत नव्हती. लेकीसमोर कडक टोस्ट कुडुम् करून चावून दाखवायचा, म्हणजे विषय मिटला, असा त्यांचा साधा बेत होता.

चौदा नंबरचं टोकन हातात घेऊन ते बसले. पहिला तास त्यांनी खोली डोळ्यांनी मोजली. दुसऱ्या तासाला त्यांची नजर खाली गेली.

"ताई, ह्याला उभं करायला हवं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"ह्या वेलाला. खांब लागेल. मॉसचा."

मोजणीसाहेबांना दात नसल्यामुळे ताईंना ते "माशाचा" असं ऐकू आलं आणि पुढची दहा मिनिटं दोघं दोन वेगळ्या विषयांवर अतिशय सौजन्याने बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी मोजणीसाहेब साहित्यच घेऊन आले. प्लंबरकडून आणलेला चार फुटी पाइप, प्लास्टिकची जाळी आणि पिशवीभर वाळलेलं शेवाळ, ज्याला रोपवाटिकेत मॉस म्हणतात. मॉस आधी तासभर भिजवायचा, मग पिळायचा, जाळीत पाइपाभोवती दाबून भरायचा आणि जाळी शिवून टाकायची. भिजवण्यासाठी चूळ भरायचं बेसिन ताब्यात घेण्यात आलं. (त्या दिवशी तीन रुग्णांनी चूळ गिळली. एकानेही तक्रार नोंदवली नाही. तोंड बधिर होतं.) शिवायला दात साफ करायचा दोरा वापरला. तो कुजत नाही, हे डॉक्टरांनीच आतून ओरडून सांगितलं.

खांब तयार झाला, पण कुंडीत डुगडुगू लागला. मोजणीसाहेबांना कपाटात प्लास्टरचा डबा दिसला. डॉक्टर हातमोजे घातलेले तसेच बाहेर आले.

"हे तुमच्याच जबड्याच्या साच्यासाठी ठेवलंय," ते म्हणाले. "नवीन यायला आठवडा लागेल."

मोजणीसाहेबांनी खांबाकडे पाहिलं, मग जमिनीवर पसरलेल्या वेलाकडे. "जबडा कुठे पळून जातोय," ते म्हणाले. "हा खांब मात्र आजच पडेल."

अशा रीतीने कवळीचं प्लास्टर एका पत्र्याच्या डब्यात ओतलं गेलं, त्यात खांब रोवला गेला आणि डबा कुंडीच्या तळाशी गेला.

आता मॉसच्या खांबाची एकच अट असते: तो ओला राहिला पाहिजे. वेलाच्या पेरापेरातून तपकिरी मुळं फुटतात. मॉस ओला असेल तरच ती त्यात शिरतात. कोरड्या खांबाला वेल नुसता टेकतो, धरत नाही. म्हणजे दर वीस मिनिटांनी फवारणी आली. (रोपवाटिकेतला माणूस दिवसातून एकदा पुरे म्हणाला होता. पण त्याने सरकारी नोकरी केलेली नव्हती.) ताईंना काउंटर सोडता येत नव्हता. तेव्हा मोजणीसाहेबांनी टोकनच्या क्रमाने फवारणी लावून दिली. ज्याचा नंबर, त्याच्या हाती बाटली.

निकाल थक्क करणारा होता. एप्रिलमध्ये तक्रारी अठ्ठेचाळीसवरून पाचवर आल्या. त्यातल्या चार "माझ्या आधी त्याने का मारलं" या स्वरूपाच्या होत्या आणि एक बाटलीच्या नळीबद्दल होती. गाल सुजलेले गृहस्थ मॉसला हात लावून "अजून एक फवारा बसेल" असं मत देऊ लागले. एका शिक्षिकाबाईंनी ताईंना विचारलं, "माझा नंबर कधी?"

"आत्ताच तर झाला ना तुमचा."

"हो, खरंच की," असं म्हणून बाई समाधानाने घरी गेल्या. अक्कलदाढ घेऊनच.

वेलाने खांब धरला. पानं टपालाच्या तिकिटाएवढी होती ती पोस्टकार्डाएवढी झाली. महिन्याभरात शेंडा खांबाच्या वर गेला, अर्ध्या उंचीच्या लाकडी भिंतीवरून वाकला आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत उतरला. नंबर न लावता आत गेलेला तो पहिलाच.

या अवधीत नवीन प्लास्टर येऊन, साचा घेऊन मोजणीसाहेबांची कवळी तयार होऊन पडली होती. ताई रोज पुकारत, "चौदा." ते रोज म्हणत, "पुढच्याला घ्या. वरचा भाग कोरडा दिसतोय." आणि एका शनिवारी, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी, घराला कुलूप पाहून लेक चौकशी करत करत दवाखान्यात येऊन उभी राहिली.

"बाबा, दात कुठे आहेत?"

"आत आहेत."

"मग तुम्ही बाहेर का?"

या प्रश्नावर मोजणीसाहेबांनी तिला खुर्ची दिली. लेक बसली. दात नसलेला आपला बाप दहा अनोळखी माणसांना सूचना देतोय, आणि दहाच्या दहा माणसं त्या समजून घेतायत, हे तिने तासभर पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "मी खोलीला रंग दिलाय, बाबा. तुम्हाला आवडतो तसा, फिका."

मोजणीसाहेब त्या वेळी वेलाला दोरा बांधत होते. त्यांचे हात थांबले.

"जरा बोट धर इथे," ते म्हणाले. "गाठ सैल मारायची असते. आवळली की देठ कापला जातो."

लेकीने बोट धरलं. गाठ मारून झाली तरी तिने ते काढलं नाही. मग तिच्या टोकनचा नंबर आला (ताईंनी सवयीने तिलाही दिलं होतं) आणि तिने उठून खांबावर वरपासून खालपर्यंत नीट पाणी मारलं. दुपारी मोजणीसाहेबांनी कवळी बसवून घेतली. संध्याकाळच्या गाडीने लेक एकटीच परत गेली. खोली पाहुण्यांसाठी ठेवायची, आणि पाहुणा (म्हणजे मोजणीसाहेब) कुठलाही बहाणा न करता वर्षातून दोनदा येणार, असं ठरलं. कवळी उत्तम बसली आहे. सूचना देताना मात्र मोजणीसाहेब ती काढून खिशात ठेवतात. लोकांना त्यांचं बोलणं तसंच कळतं.

व्यवस्थेत एकच उणीव उरली. बाटली एक आणि माणसं अकरा; म्हणजे कोणत्याही क्षणी दहा जण मोकळे, आणि मोकळा माणूस घड्याळाकडे पाहतो. ताईंनी प्रस्तुत लेखकाला विचारलं, "तुम्ही लिहिता ना काहीबाही? दहा मिनिटं मान वर होणार नाही असं काहीतरी द्या. विषय कुठलाही चालेल."

तो मजकूर हाच. टेबलावर त्याच्या अकरा प्रती ठेवल्या आहेत. मोजणीसाहेब बेसिनमध्ये मॉस भिजवतात तिथवर तुम्ही वाचत आला होतात, त्या सुमारास ताईंनी तुमचा नंबर पुकारला. लेक आली तेव्हा पुन्हा एकदा पुकारला. तुमच्या मागचा माणूस आत गेला आहे. हरकत नाही, बसून राहा. बाटली एवढ्यात तुमच्याकडे येईल.