गळलेला ‘व’

एका जंगलात, बाळांनो, तुमच्या-माझ्या ओळखीच्याच एका जंगलात, साळूकाकू नावाची साळिंदर राहत होती. तिचं बीळ एका जुन्या वडाच्या मुळाशी होतं. ती भाविक होती आणि लेखण्या अंगावरच उगवत होत्या, म्हणून ती लेखिका झाली. हल्ली एवढ्यावर भागतं.

त्या वडाखाली पूर्वी गवाबाबा बसत. पाला खाताना ते रोज एक पान मुद्दाम सोडून देत. काकूंनी त्यांचं चरित्र वडाच्याच पानांवर लिहिलं. शेवटी बाबांचा एकच उपदेश होता: ‘रोज एक पान वाचवावे.’

नकला उतरवायला खार होती. घाईत तिच्याकडून एक ‘व’ गळला. उपदेश झाला, ‘रोज एक पान वाचावे.’

पोथी धो धो चालली. काळविटाच्या पोराला शिंगं फुटली, घोरपडीला स्थळ आलं, सगळं म्हणे रोजच्या एका पानानं. घरोघरी पोथी हवी झाली. पोथीला पानं हवीत, म्हणून माकडं वडावर चढली.

काकू घाबरून कोल्ह्याकडे गेल्या. कोल्हा त्यांचा प्रकाशक.

“कोल्हेसाहेब, एक ‘व’ राहिलाय हो. माझं घर त्या वडाखाली आहे.”

“काकू, वाचवायला सांगितलं असतंत तर पोथी वाचली कुणी असती? आता आपण चित्रपट काढू. पडद्याला पानं लागत नाहीत.”

काकूंना ते पटलं. खरं म्हणजे त्यांनी पटवून घेतलं.

चित्रपटात काकूंचं काम लांडोरीनं केलं. काटे जवळून बरे दिसेनात. मग मालिका आली. तीनशे भाग झाले तरी बाबा त्यात वासरूच होते. ती पाहून उरलेल्यांनीही पोथ्या मागवल्या.

बाबांच्या पुण्यतिथीला चित्रपटाचा खास खेळ ठेवला. पडदा वडालाच बांधला. मध्ये येणारं पान आता नव्हतंच. शेंड्याला एक तेवढं उरलं होतं. माकड तिकडे निघालं तशा काकू पुढे झाल्या. त्यांना रडू येत होतं.

“ते एक राहू दे रे. बाबांनी वाचवायला सांगितलंय.”

“तुम्ही कोण?”

“मी ती पोथी लिहिली.”

“लेखिका तर लांडोर आहे,” माकड म्हणालं. त्यानं वर जाऊन पान खुडलं, कपाळाला लावलं आणि काकूंच्याच हातात ठेवलं. “घ्या आजी. रोज वाचत जा.”

तात्पर्य: बाळांनो, शुद्धलेखनाचा फार आग्रह धरू नये. ‘व’ जागेवर असता तर वड राहिला असता, पण मग एवढं पुण्य कुणाला लागलं असतं?