आत्या संरक्षित झाली

राजधानी एका दिवसात संपूर्ण पाहून होते, असं सहल कंपनीने छापील हमीसह कळवलं होतं. त्यानुसार भिंगरी, तिचे बाबा आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, या तिघांनी दुपारपर्यंत दोन किल्ले, एक संसद आणि बऱ्याच राजांच्या कबरी उरकल्या. राजवाड्याच्या अंगणात पोचेपर्यंत आत्याच्या पायांचे तुकडे पडले होते. समोर एक दगडी चौथरा रिकामा दिसला. आत्या त्यावर टेकली, चपला काढल्या आणि म्हणाली, "तुम्ही या बघून. राजा भेटला तर सांगा, आत्या बाहेर बसलीय."

इतक्यात शिट्टी फुंकत पहारेकरी आला. "ओ बाई, उठा! चौथरा बसायला नाहीये."

"मग कशाला आहे?"

"पुतळ्याला."

"कुठाय पुतळा?"

पहारेकऱ्याने आवाज खाली आणला. "दुरुस्तीला गेलाय. मी नोकरीला लागायच्या आधीपासून."

आत्या उठणारच होती. पण त्याच वेळी पुतळे-तपासणीस साहेब वार्षिक मोजणी करत तिथे आले. बोटांवर मोजत ते पुटपुटत होते, "...घोडेस्वार एक, प्रधान दोन, बैठी राणी..." ते थबकले. "आहे! अहो, आहे की! या खात्यात जन्म गेला माझा, पण मोजणी जुळलेली आज पाहतोय."

पाच मिनिटांत आत्याभोवती जाड दोरी बांधली गेली आणि पुढे पाटी लागली : स्पर्श करू नये.

भिंगरी पोट धरधरून हसली. मग तिला आठवलं, पाचला बस सुटते, आणि सहल कंपनी कुणासाठी थांबत नाही.

"साहेब, सोडा ना! ती माझी आत्या आहे."

"तसं बऱ्याच जणांना वाटतं, बाळ. जुन्या शिल्पांत जिव्हाळाच तसा असतो."

"अहो, बोलतेय ती!"

"ध्वनियंत्रणा बसवलेली दिसते. स्तुत्य."

"मेल्या, मी मघाशी शिंकलेसुद्धा!" आत्या कडाडली.

"धूळ," साहेबांनी पहारेकऱ्याला सांगितलं. "सफाई विभागाला कळवा."

आता बाबा पुढे सरसावले. "सख्खी बहीण आहे ती माझी!"

"म्हणजे आपण राणीसाहेबांचे बंधू? गादीवर दावा आहे का?"

बाबा नको तितका वेळ विचारात पडले.

"दादा!" आत्या ओरडली.

साहेब मात्र नियमाचे पक्के होते. पुतळा जिवंत आढळल्यास सोडण्याची तरतूद आहे, असं त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. "पण घरच्यांची साक्ष चालत नाही. घरचे काहीही सांगतात. पुतळ्याला प्रत्यक्ष हलताना पाहिलेला एक त्रयस्थ इसम आणा."

"एकच?" भिंगरीने उडीच मारली. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आत्या तर तासभर हातवारे करत होती!

तिने पहिल्यांदा टोपीवाल्या काकांना गाठलं. "काका, ती राणी शिंकताना पाहिलीत ना?"

"पाहिली म्हणजे काय! ढीगभर फोटो काढलेत." प्रत्येक फोटोत काकांची हनुवटी होती. एकात कानामागे आत्याचं कोपर होतं.

"पण तुमच्या डोळ्यांनी पाहिलीत का?"

"ते घरी गेल्यावर निवांत पाहू."

एका नव्या नवरीच्या फोटोत आत्या पूर्ण आली होती, तोंड उघडून, हात हलवत. "होता गं तो फोटो," नवरी हळहळली. "पण मागची बाई हलली, म्हणून खोडून टाकला."

शेवटी झेंडीवाला गाइड सापडला. "मी? मी गिऱ्हाइकांकडे तोंड करून बोलतो, पुतळ्याकडे पाठ. वर्षानुवर्षं सांगतोय, मागे बघा, राणीच्या चेहऱ्यावर काय ती वेदना!"

"पण पुतळा तर नव्हताच!"

"नव्हता?" गाइडने खांदे उडवले. "कुणी तक्रार नाही केली."

बसचा हॉर्न वाजला. भिंगरी शेजारच्या दगडी घोड्यावर चढली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "बघा हो! कुणीतरी आत्याकडे बघा!"

सगळं अंगण थांबलं. काहीतरी बघण्यासारखं आहे, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं. मग सगळ्यांनी एकदम आत्याकडे पाठ केली, फोन धरलेले हात लांब केले आणि गोड हसले.

बस गेली. हमीत ठिकाणं सगळी होती, माणसं नव्हती.

भिंगरी आणि बाबा अजून दोरीपाशी साक्षीदार शोधताहेत. तुम्हीही गेला होतात ना तिकडे? काढा बरं फोन. अंगणातला तो फोटो, ज्यात तुम्ही इतके छान आलायत. मागे एक बाई दोन्ही हात हलवतेय, दिसली?

नाही ना दिसत? कशी दिसेल! सगळ्यांना पाठवण्याआधी तुम्हीच कापलीत तिला.