मोकळ्या श्वासाचा फिल्टर

हवेबद्दल मला कोणी अक्कल शिकवू नये! चार हजार मीटर उंचीवर जन्मलोय मी, एल आल्तो नावाच्या पठारावरच्या शहरात. आमच्याकडे हवा मोजून मापून मिळते. खालच्या शहरांतले पाहुणे आमचा एक जिना चढले की भिंतीला टेकून देवाचं नाव घेतात, आणि आम्ही त्याच जिन्यावरून बटाट्याचं पोतं घेऊन शिट्टी वाजवत जातो. त्यामुळे माझी गाडी चढावर धापा टाकायला लागली तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "दुखणं कळलं! हिला श्वास पुरत नाही. एअर फिल्टर बदलायचा!"

इथवर माझं बरोबरच होतं. गोची पुढे झाली.

फिल्टर दोन तऱ्हेचे मिळतात. एक कंपनीचा. घड्या घातलेला कागद, काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवलेला, दिसायला अगदी सरकारी फाइल! दुसरा बाहेरचा. त्याला डबाबिबा काही नाही. नुसता लालभडक, तेल लावलेला सुती शंकू, इंजिनाशेजारी उघडा बसणारा. एल्मर नावाच्या दुकानदाराने तो माझ्या हातात ठेवला आणि मी हरखलोच.

"घ्या उस्ताद!" एल्मर म्हणाला. "कागदातून इंजिन नाक दाबून श्वास घेतं. यातून तोंड उघडून घेईल!"

"आणि धूळ?"

"धूळ? धूळ घाबरते याला!"

आता तुम्ही म्हणाल, कुणा जाणत्या माणसाला विचारायचं होतं. अहो, तीच तर अडचण! आमच्या गावात फिल्टरमधलं जाणतं माणूस एकच, दोन्या तोमासा. ('दोन्या' म्हणजे आमच्याकडचं 'बाईसाहेब'.) आणि दोन्या तोमासा म्हणजे माझ्या रुफिनाची आई. रुफिना आणि मी तीन वर्षं एकत्र राहतोय. आमच्याकडे तशीच रीत आहे, आधी जमतंय का बघायचं, मग लग्न. पण लग्नाला आईचा होकार लागतो, आणि ही बाई तीन वर्षं नुसतं "बघू" म्हणत होती. माझं सोडा, भलेभले ड्रायव्हर त्यांच्यापुढे टोपी काढतात! पोलेरा म्हणजे आमच्याकडचा घेरदार घागरा, दोन लांब वेण्या, डोक्यावर गोल हॅट, आणि समोर ताडपत्रीवर मांडलेले फिल्टर, प्लग, ब्रेकपॅड. दर गुरुवारी आणि रविवारी, भर बाजारात. एकदा एकाने नकली फिल्टर ओरिजिनल म्हणून आणला. बाईंनी डोळे मिटले, घड्यांवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि म्हणाल्या, "डिंक स्वस्तातला आहे. गेल्या पावसाळ्यातला." माणूस खोकं तिथेच टाकून पळाला! मी डोळ्यांनी पाहिलंय हो. तेव्हापासून त्यांच्यासमोर माझी बोबडी वळते.

त्यांचं मत पक्कं होतं. बंद डबा, कंपनीचा कागद. आमच्या पठारावरच्या धुळीत दुसरं काही चालायचं नाही.

म्हणून मी लाल शंकू गुपचूप बसवला. जुना डबा बाजारात तीन गल्ल्या सोडून एका बाईला विकून टाकला आणि बॉनेट घट्ट लावलं. झाकलं बॉनेट सव्वा लाखाचं!

शुक्रवारी रुफिना नाचतच घरात आली. "सेवेरो! आई रविवारचा बाजार बुडवून आपल्याबरोबर तळ्याकाठच्या कोपाकाबानाला येतेय. गाडीला मरियामातेचा आशीर्वाद घ्यायचा. बाळाला असते तशी गाडीची धर्ममाता ती स्वतः होणार!"

"अरे वा!"

"आणि नीट ऐक. सगळं ठीकठाक झालं तर तिथेच लग्नाची तारीख सांगणार म्हणाली. नाही झालं, तर म्हणाली, तू परत माझ्या घरी ये." तिने माझा हात धरला. "काही घोळ घालू नकोस हां. एवढं माझ्यासाठी."

"घोळ? मी?" मी म्हणालो.

रविवारी निघालो. मी पुढे, रुफिना शेजारी, दोन्या तोमासा मागे, मांडीवर रंगीत कापडाचं गाठोडं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला मात्र, आणि काय सांगू! पूर्वी कण्हणारी गाडी "घूंऽऽऽ" करून अख्ख्या पठाराची हवा एका घोटात प्यायली. अंगावर काटा आला माझ्या!

"हा आवाज कसला?" मागून प्रश्न आला.

"वारा, दोन्या."

"काचा बंद आहेत."

"मग त्या पुढच्या ट्रकचा असेल."

ट्रक डावीकडे वळून निघून गेला. आवाज आमच्याबरोबरच राहिला.

"आता?"

"रस्ता खडबडीत आहे ना, म्हणून."

"रस्ता गेल्या महिन्यात केलाय," दोन्या तोमासा म्हणाल्या. रुफिनाने मला कोपराने ढोसलं. मी घाम पुसला.

पण चढावर आम्ही एक बस मागे टाकली! भरलेली बस! आणि माथ्यावर आलो तर समोर तळं. आयुष्यभर पाहिलंय ते तळं, तरी दर वेळी मी गाडी हळू करतो. आभाळाएवढं निळं पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि आपण मुंगीएवढे. दोन्या तोमासांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली. मला वाटलं, जिंकलो!

तिकिनाला तळं चिंचोळं होतं, तिथे गाड्या लाकडी तराफ्यावर चढतात आणि माणसं वेगळ्या बोटीतून जातात. मी गाडीबरोबर तराफ्यावर, त्या दोघी पुढे निघालेल्या बोटीत. तराफेवाला बांबू टेकत म्हणाला, "आशीर्वादाला का?"

"हो तर!"

"छान. आज गर्दी आहे. बॉनेट उघडून रांगेत उभं राहावं लागेल."

पायाखालचा तराफाच सरकला माझ्या! बॉनेट! पाद्री इंजिनावर पवित्र पाणी शिंपडतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि मी, दहा गाड्यांचे आशीर्वाद पाहिलेला गाढव, विसरलो!

"काका, तराफा परत फिरवता येईल का?"

त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं. "आशीर्वादाला निघालास की पळून?"

कोपाकाबानाच्या पांढऱ्या चर्चसमोर वीस गाड्या फुलांनी मढून उभ्या होत्या. सगळ्यांची बॉनेटं उघडी. माझं बंद.

"उघड," दोन्या तोमासा म्हणाल्या.

"खटका अडकलाय, दोन्या. किती ओढला!"

त्यांनी बॉनेटवर एका ठरावीक जागी मूठ मारली. खाडकन उघडलं! मी तीरासारखा पुढे झालो, रुफिनाच्या हातातली फुलांची अख्खी टोपली घेतली आणि लाल शंकूवर पालथी केली. वर आणखी दोन हार घातले. शंकू दिसेनासा झाला. मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "इंजिनाला फुलं हवीतच की!"

"हवीत," दोन्या तोमासा शांतपणे म्हणाल्या. "आता इंजिन चालू कर. झोपलेल्याला आशीर्वाद दिलेला कसा कळणार?"

हे मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. पण धर्ममातेचा शब्द! केलं चालू.

पाद्री आले. पाणी शिंपडलं. लोकांनी रंगीत कागदाचे कपटे मुठीमुठीने उधळले, बाटल्या हलवून बिअरचे फवारे सोडले. आणि मी आ वासून बघत राहिलो. एक पाकळी आपोआप सरकली आणि शंकूला चिकटली. मग दुसरी. मग हार आत ओढला गेला. मग निळे, पिवळे, गुलाबी कपटे थव्याने निघाले आणि बिअरमध्ये भिजून थरावर थर बसत गेले. केवढी ती ओढ! खरंच तोंड उघडून श्वास घेत होतं हो इंजिन!

"घूंऽऽ... घर्र... फस्स्... फुस."

पाद्री "आमेन" म्हणाले, आणि गाडी मेली.

मागून एक म्हातारी पुटपुटली, "मरियामातेने गाडी नाकारली!" बाकीच्यांनी लगेच क्रूसाच्या खुणा केल्या.

"पेट्रोल! पेट्रोलमध्ये पाणी असणार!" मी ओरडलो. "किंवा उंचीमुळे!"

"ही गाडी आली तेव्हापासून उंचीवरच आहे," दोन्या तोमासा म्हणाल्या.

मी रुफिनाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. केसांतले कागदाचे कपटे एकेक करून काढत होती आणि आईकडे बघतच नव्हती. आईच्याच घरी परत जायची तयारी चालली होती जणू तिची! मरू दे म्हटलं तो फिल्टर!

"दोन्या, वारा नव्हता," मी म्हणालो. सगळ्या चौकासमोर म्हणालो. "ट्रकही नव्हता, रस्ताही चांगलाय, खटकाही अडकला नव्हता. मी बाहेरचा फिल्टर बसवलाय. तुम्हाला घाबरून लपवला. फुलंसुद्धा मीच घातली वर. मरियामातेचा काही दोष नाही, आणि रुफिनाचा तर मुळीच नाही."

दोन्या तोमासांनी गाठोडं सोडलं. मला वाटलं, माझ्या डोक्यात घालायला काही काढतायत. आत काळा डबा होता. माझाच!

"गुरुवारी दुपारीच माझ्या ताडपत्रीवर आला हा," त्या म्हणाल्या. "त्या बाजारात गाडीचा चोरीला गेलेला आरसा मालकालाच विकत मिळतो, तुझा डबा मला नाही मिळणार? याची चौथी क्लिप तुटली होती तेव्हा मी माझ्या केसांची पिन लावली होती. बघ."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. रस्ता लांब होता, सेवेरो."

त्यांनी डब्यातला जुना कागद काढून माझ्या तळहातावर आपटला. बारीक, राखाडी धूळ पडत राहिली, पडतच राहिली, छोटा डोंगर झाला तिचा. आमच्या पठारावरचे किती वारे त्या मुकाट कागदाने अडवले होते, आणि मी त्याला फाइल म्हणालो! मग बाईंनी पोलेराच्या खिशातून पेचकस काढला, शंकू उपटला, आतली नळी शालीच्या टोकाने कोरडी केली, गाठोड्यातला नवा कागद घातला आणि डबा बसवला. शंकू उलटसुलट बघून माझ्या हातात दिला. "वाईट नाही हा. खाली, गुळगुळीत रस्त्यावर, कोणी रोज धुणार असेल तर. आमच्याकडे नको."

मी चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली! चौकात टाळ्या पडल्या. पुटपुटणाऱ्या म्हातारीनेच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पाद्री पाण्याचं भांडं घेऊन परत आले. "चला, पुन्हा एकदा. धर्ममाता तुम्ही. आणि हा कोण तुमचा?"

रुफिनाने माझी बाही घट्ट धरली. तीन वर्षं हाच प्रश्न लोंबकळत होता! दोन्या तोमासांनी मला हॅटच्या काठाखालून पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. कॉलरवरचा एक गुलाबी कपटा बोटाने उडवला.

"जावई," त्या म्हणाल्या. "कंपनीचा नाही, फादर. बाजारातलाच आहे. पण बसतोय."

रुफिना आता कुठे रडायला लागली. आणि मी? खरं सांगू का, तीन वर्षांत त्या बाई माझ्याबद्दल याहून चांगलं काही बोलल्या नव्हत्या!